शब्दाची शेपटी : एस, ईडी आणि आयएनजी मुलांना कसे शिकवावे?



आजचा पाठ इंग्रजीचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

चौथीच्या वर्गात मी सुट्टीवर पाच वाक्ये लिहायला दिली होती. एरवी वहीत मान घालून बसणारी एक मुलगी त्या दिवशी स्वतःहून उभी राहिली आणि वाचू लागली, "आय गोड टू मामाज हाउस." तिने 'गो'ला ईडी जोडला होता. वर्गाला ऐकू आले ते आपले मराठी 'गोड'. सगळी पोरं "गोड! गोड!" करून हसायला लागली. खरं सांगते, मीसुद्धा हसले. मग लाल पेनाने 'गोड' खोडून वर 'वेन्ट' लिहिले आणि पुढच्या मुलाला उभे केले.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्या मुलीने स्वतःच्या मनाने एकही इंग्रजी वाक्य लिहिले नाही. फळ्यावरचे तेवढे सुवाच्य उतरवून काढायची. वही स्वच्छ, चूक एकही नाही. मला वाटले, सुधारली! पालकभेटीला तिची आई आली तेव्हा म्हणाली, "बाई, घरी म्हणते, फळ्यावरचं लिहिलं की कुणी हसत नाही."

त्या रात्री मी विचार केला की या मुलीने नेमके चुकवले काय? मी वर्गात 'प्ले - प्लेड', 'वॉक - वॉक्ड' शिकवले होते. तो नियम तिने समजून घेतला आणि कुणीही न सांगता नव्या शब्दाला लावून पाहिला. म्हणजे मी जे शिकवले ते तिला पूर्ण समजले होते! तिला फक्त एवढे माहीत नव्हते की 'गो' हा शब्द नियमाच्या बाहेर बसतो. आपल्या घरातली लहान मुलेही "मी केलं" म्हणायच्या आधी काही दिवस "मी करलं" म्हणतात. तेव्हा आपण लाल पेन काढत नाही, कौतुकाने चारचौघांना सांगतो.

म्हणून आज नियमित नामे आणि क्रियापदे यांची रूपे कशी बदलतात आणि ती न घाबरवता कशी शिकवायची, हे पाहूया.

१. आधी दिलासा : इंग्रजीत शेपट्या फार थोड्या आहेत

आपले 'खेळणे' हे क्रियापद घ्या. खेळतो, खेळते, खेळतोस, खेळतेस, खेळतात, खेळला, खेळली, खेळले, खेळेन, खेळशील, खेळू, खेळावे, खेळून, खेळताना... यादी संपत नाही. आपली मुले ही सगळी रूपे पहिलीत येण्याआधीच बिनचूक वापरत असतात.

आता इंग्रजीतले नियमित क्रियापद पाहा : प्ले, प्लेज, प्लेड, प्लेइंग. संपले! फक्त चार रूपे. नामाचे तर आणखी सोपे : एकवचन बुक, अनेकवचन बुक्स. मराठीत आंबा - आंबे, चिंच - चिंचा, भिंत - भिंती, घर - घरे, पेरू - पेरू असे कितीतरी प्रकार आहेत आणि वर प्रत्यय लागताना सामान्यरूप वेगळे होते. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. "बाई, मराठी जास्त अवघड आहे की!" असे मुलेच म्हणतात. इंग्रजीची निम्मी भीती तिथेच जाते.

२. मुलांना शेपट्या आधीच माहीत आहेत

नियम सांगायच्या आधी मुलांना गावातल्या दुकानांवरच्या पाट्या आठवायला सांगा. माझ्या वर्गात फळा भरून शब्द आले : चिप्स, स्पेअर पार्ट्स, नोट्स, लेडीज टेलर, शूज, कोचिंग क्लासेस, बसेस.

आता हे शब्द मोठ्याने म्हणायला लावा आणि विचारा, शेवटी काय ऐकू येते?

चिप्स, पार्ट्स, नोट्स : शेवटी 'स'.
लेडीज, शूज : शेवटी 'ज', म्हणजे 'रोज' आणि 'आवाज' यांच्या शेवटी येतो तो.
क्लासेस, बसेस : शेवटी एक जादा अवयव, 'एस'. मूळ उच्चारात तो 'इझ'च्या जवळ जातो.

इंग्रजीत तिन्ही ठिकाणी अक्षर एकच आहे, एस. उच्चार मात्र तीन. आपण मराठी माणसांनी पाट्या रंगवताना कानाला जे ऐकू आले ते देवनागरीत लिहिले आणि हा फरक आपोआप नोंदला गेला. गंमत म्हणजे काही शब्द आपण शेपटीसकट उचलले. "एक लेडीज उभी होती" असे आपण बिनधास्त म्हणतो, जरी 'लेडीज' अनेकवचन आहे तरी!

३. हे तीन उच्चार ठरतात कशावरून?

इथे आपले मराठी व्याकरण कामाला येते. वर्णमालेतले कठोर आणि मृदू वर्ण आठवा. क, च, ट, त, प, फ, श, स हे कठोर. ग, ज, ड, द, ब, म, न, ल, र, व वगैरे मृदू. मुलांना गळ्यावर दोन बोटे ठेवून आधी लांब 'स्‌ऽऽ' आणि मग 'झ्‌ऽऽ' म्हणायला सांगा. 'झ'ला गळा थरथरतो, 'स'ला थरथरत नाही. पोरांना ही कृती फार आवडते.

आता नियम एका ओळीत :

(अ) शब्द कठोर आवाजाने संपला तर 'स' : कप्स, कॅट्स, बुक्स, रूफ्स.
(आ) शब्द मृदू आवाजाने किंवा स्वराने संपला तर 'झ' : डॉग्झ, बॅग्झ, पेन्झ, ट्रीझ, बॉइझ.
(इ) शब्द स, झ, श, च, ज अशा फुसकाऱ्याच्या आवाजाने संपला तर 'इझ' : बसिझ, डिशिझ, मॅचिझ, पेजिझ.

तिसरा प्रकार का होतो? 'बस'ला नुसता 'स' जोडून म्हणून पाहा. 'बस्स' होते, शेपटी ऐकूच येत नाही. म्हणून मध्ये छोटासा स्वर टाकून वाट करून दिली आहे.

एका आवाजाने शेजारच्या आवाजासारखे व्हायचे, ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. विपद् + काल = विपत्काल, षट् + रिपू = षड्रिपू ही व्यंजनसंधी आपण शिकवतोच. फरक एवढाच की त्या उदाहरणांत पुढचा आवाज मागच्याला बदलतो आणि इंग्रजी शेपटीत शब्दाचा शेवटचा आवाज शेपटीला बदलतो.

४. ईडीचेही तसेच

इथे मला स्वतःची आणखी एक चूक कबूल करायची आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आम्ही भाषा कानाने कमी आणि डोळ्यांनी जास्त शिकलो. पुस्तकात ईडी दिसला की मी 'वॉक-एड', 'जंप-एड', 'वॉच-एड' असे म्हणायची. डीएड झाल्यावर वर्गातही कित्येक वर्षे तसेच शिकवले. मोबाइलवरच्या शब्दकोशात उच्चार ऐकायला लागले तेव्हा कळले की 'वॉक्ड'मध्ये मध्ये 'ए' नाहीच! उच्चार होतो 'वॉक्ट'.

नियम वरच्यासारखाच :

(अ) कठोर आवाजानंतर 'ट' : वॉक्ट, जंप्ट, वॉच्ट, वॉश्ट.
(आ) मृदू आवाज किंवा स्वरानंतर 'ड' : प्लेड, ओपन्ड, कॉल्ड, क्लीन्ड.
(इ) क्रियापदच ट किंवा ड आवाजाने संपत असेल तर 'इड' : वॉन्टिड, पेंटिड, नीडिड.

याचेही नमुने घरात आहेत. 'मिस्ड कॉल'मधले 'मिस्ड' तोंडातून 'मिस्ट' निघते. 'रिटायर्ड' आजोबांना 'ड' आहे. 'प्रायव्हेट लिमिटेड'मध्ये जादा अवयव आहे, कारण 'लिमिट' हा शब्द ट ने संपतो. हे तीन शब्द पाठ करून ठेवले की तिन्ही उच्चार लक्षात राहतात.

लिहिताना मात्र तिन्ही वेळा ईडीच. आवाज बदलतो, अक्षरे बदलत नाहीत, हे मुलांना ठासून सांगा. नाहीतर हुशार पोरं 'वॉक्ट' ऐकून शेवटी टी लिहितात.

५. आता स्पेलिंग

स्पेलिंगचे नियम खूप वाटतात, पण पाचच आहेत.

पहिला : साधी जोडणी. बुक + एस, जंप + ईडी, प्ले + आयएनजी. बहुतेक शब्द इथेच संपतात.

दुसरा : ईएस कधी? शब्द एस, एसएच, सीएच, एक्स, झेड यांनी संपला तर ईएस. क्लासेस, डिशेस, मॅचेस, बॉक्सेस. इथे कान मदतीला येतो, कारण ज्या शब्दात जादा अवयव ऐकू येतो तिथेच ईएस लागतो. 'स्टमक'च्या शेवटी सीएच आहे, पण आवाज 'क' आहे. म्हणून त्याला नुसता एस! शब्द आधीच ई ने संपत असेल, जसे पेज, तर एसच पुरतो. ओ ने संपणाऱ्या शब्दांत मात्र घोळ आहे. पोटॅटो, टोमॅटो यांना ईएस. फोटो, रेडिओ यांना एस. हे पाठच करावे लागतात.

तिसरा : वायची गोष्ट. वायच्या आधी व्यंजन असेल तर वाय जातो, आय येतो. बेबी - बेबीज, लेडी - लेडीज, क्राय - क्राइज, क्राइड. वायच्या आधी स्वर असेल तर वाय जागेवरच राहतो. बॉय - बॉइज, प्ले - प्लेज, प्लेड. आयएनजी लागताना मात्र वाय कधीच जात नाही : क्राइंग, प्लेइंग. कारण दोन आय शेजारी बसवायला इंग्रजीला आवडत नाही.

चौथा : मुक्या ईची रजा. शब्दाच्या शेवटी उच्चार नसलेला ई असेल तर आयएनजी येताच तो निघून जातो : डान्स - डान्सिंग, राइड - रायडिंग. ईडी जोडताना ई आधीच असतो, म्हणून फक्त डी जोडायचा : डान्स्ड, लाइक्ड. 'लाय' आणि 'डाय' यांचे स्पेलिंग आयई ने संपते. आयएनजी लागताना त्या आयईचा वाय होतो.

पाचवा : जोड अक्षर. छोटा, एकाच अवयवाचा शब्द आणि शेवटी एक स्वर व एक व्यंजन असेल तर शेवटचे व्यंजन दुप्पट होते : स्टॉप - स्टॉप्ड - स्टॉपिंग. डब्ल्यू, एक्स आणि वाय कधी दुप्पट होत नाहीत. शब्द दोन अवयवांचा असेल तर जोर कुठे आहे ते बघायचे. 'प्रिफर'मध्ये जोर शेवटी, म्हणून आर दुप्पट. 'व्हिजिट' आणि 'ओपन' यांत जोर सुरुवातीला, म्हणून टी आणि एन एकेकटेच.

हा पाचवा नियम मुलांना जाचक वाटतो. त्याचे कारण सांगा, मग पटतो. 'हॉप' म्हणजे लंगडी घालणे, 'होप' म्हणजे आशा करणे. होपमधला ई निघून गेला की उरते एचओपी आणि पुढे आयएनजी. मग हॉपचे काय करायचे? तिथे पी दुप्पट करायचा. दोन पी म्हणजे कुंपण समजा. कुंपण असले की आतला स्वर 'ऑ' राहतो, कुंपण नसले की 'ओ' होतो.

इथेही ओळखीचे शब्द वापरा. माझ्या वर्गात एकाचे वडील वेल्डिंग करतात, एकीचे काका वायरिंगची कामे घेतात. वेल्डिंग, पार्किंग : साधी जोडणी. वायरिंग, ड्रायव्हिंग : ई गेला. शॉपिंग, फिटिंग : जोड अक्षर. वडिलांच्या कामाचा शब्द इंग्रजीच्या तासाला फळ्यावर आला की त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

६. सगळ्यात जास्त चुकणाऱ्या दोन जागा

एक, तिसऱ्या पुरुषाचा एस. मुले विचारतात, "बाई, एस लागला की अनेक होतात ना? मग 'ही प्लेज'मध्ये तर एकच मुलगा आहे!" शंका अगदी रास्त आहे. सांगा की हे दोन एस वेगळे आहेत, फक्त जुळ्या भावांसारखे दिसतात. नामाचा एस 'अनेक' सांगतो, क्रियापदाचा एस 'तो, ती किंवा ते एकटे' असे सांगतो. 'द बॉय प्लेज' आणि 'द बॉइज प्ले' ही वाक्ये एकाखाली एक लिहा. सोप्या वाक्यांत एस एकाच बाजूला बसतो, सी-सॉवर एक बाजू वर गेली की दुसरी खाली येते तसा.

दोन, 'ही डिडन्ट प्लेड'. ही चूक मुलांच्या मराठीतून येते. आपण म्हणतो 'तो खेळला नाही'. आपला भूतकाळ 'खेळला'मध्येच राहतो आणि 'नाही' तसाच बाजूला. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने उचललेला असतो, म्हणून 'प्ले' रिकामा होतो. 'डज'चेही तसेच. डजने एस घेतला की मुख्य क्रियापदाला एस नाही. मी मुलांना सांगते, "दप्तर एकच आहे. डिडच्या खांद्यावर दिलं की प्लेने हात मोकळे सोडायचे." एका मुलाला डिड आणि एकाला प्ले करून खरेच दप्तर द्या. हे वाक्य मग विसरत नाहीत.

७. खोट्या शब्दांचा खेळ

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांवर एक सुंदर प्रयोग केला. पक्ष्यासारखे एक काल्पनिक चित्र दाखवून ती सांगे, हा एक 'वग' आहे. मग तसेच आणखी एक दाखवून विचारे, आता दोन काय आहेत? 'वग' असा शब्दच नाही, म्हणजे मुलांनी तो कधी ऐकलेला नसणार. तरी मुले 'वग्झ' म्हणत, तेही शेवटच्या 'झ'सकट! म्हणजे मुले पाठ केलेले शब्द नुसते परत करत नाहीत, मनात नियम बनवतात. त्याच प्रयोगात 'टास' या खोट्या शब्दाचे अनेकवचन मात्र बऱ्याच मुलांना जमले नाही, 'ग्लासेस' येत असूनही. इंग्रजी घरात बोलणाऱ्या मुलांना जिथे वेळ लागतो, तिथे आपल्या मुलांना जास्त सराव द्यायला हवा, हे त्यातून आपण घ्यावे.

वर्गात मी हा खेळ असा घेते. आधी मराठीत : "हा एक टुमा. आता दोन?" सगळे ओरडतात, "टुमे!" मग इंग्रजीत : वन पिटुक, टू...? पिटुक्स! वन गुब, टू...? गुब्झ! वन टोश, टू...? इथे क्षणभर शांतता, मग कुणीतरी, "टोशिझ!" या खेळात चुकायची भीती नसते, कारण शब्दच कुणाला माहीत नसतो. हुशार आणि मागे बसणारा, दोघे एका रेषेवर येतात.

८. मग 'वेन्ट'चे काय?

गो, कम, सी, ईट, टेक, मेक अशी रोज लागणारी क्रियापदे नेमकी अनियमित आहेत. रोज कानावर पडतात म्हणून त्यांची जुनी रूपे टिकून राहिली. भाषेत नव्याने येणारे क्रियापद मात्र नियमितच होते. 'गूगल' हे क्रियापद झाले, तेव्हा त्याचे 'गूगल्ड' व्हायला कुणाला विचारावे लागले नाही. म्हणून क्रम असा ठेवा : आधी नियम पक्का करा, मग अनियमित रूपे रोज दोन-तीन, वाक्यात आणि गोष्टीत. पहिल्याच दिवशी लांबलचक तक्ता पाठ करायला देऊ नका.

आणि मुलाने 'गोड' म्हटले तर खोडू नका. आपण सहज बरोबर वाक्य परत म्हणा : "ओ, यू वेन्ट टू मामाज हाउस? व्हॉट डिड यू ईट?" मुलाला बरोबर रूप ऐकू येते आणि बोलणेही चालू राहते. वहीत मी आता दोन खुणा करते. नियम बरोबर लावला असेल तर हिरवी टिंब, आणि शब्द नियमाबाहेरचा असेल तर शेजारी पेन्सिलने योग्य रूप.

पालकांसाठी

घरी इंग्रजी येत नसले तरी चालेल. बाजारात जाताना मुलाला पाट्यांवरचे शेपटीवाले शब्द शोधायला सांगा आणि शेवटी 'स', 'झ' की 'इझ', एवढेच विचारा. रोज पाच शब्द पुरे. आणि कृपा करून पाहुण्यांसमोर मुलाचे इंग्रजी दुरुस्त करू नका.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे तुम्हाला जाणून घ्यायचे असेल. मी वर्गासमोर तिला सांगितले की त्या दिवशी तुझा नियम बरोबर होता आणि बाईंचं हसणं चूक होतं. ती काही बोलली नाही. लगेच काही बदललेही नाही. साधारण दोन आठवड्यांनी वहीत फळ्यावर नसलेले एक वाक्य दिसले, "माय ब्रदर ईटेड माय चॉकलेट." मी हिरवी टिंब दिली, शेजारी पेन्सिलने 'एट' लिहिले आणि खाली विचारले, "मग तू काय केलंस?" दुसऱ्या दिवशी उत्तर आले, "आय क्राइड." वाय गेला होता, आय आला होता, ईडी जागेवर होता.

तुमच्या वर्गातले असे अनुभव असतील तर जरूर सांगा. पुढच्या पाठात अनियमित क्रियापदांचे गट करून कसे शिकवायचे ते पाहूया.